उणे 20मध्ये लगाम धरायचा तर हातमोजे कुठले?

तू विचारलंस की ऑगस्टात शिकायला कॅनडात कॅल्गरीला येणार आहेस, नागपुरात शाळेपासून चालू असलेली घोडेस्वारी सोडायची नाही, तर हिवाळ्यात घोड्यावर बसायला गरम हातमोजे कुठले घ्यावेत आणि ते बर्डीवरूनच, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातूनच, घेऊन यावेत का. मीही नागपूरचीच. इथे बरीच वर्षं झाली आणि हिवाळाभर तबेल्यात जाणं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बर्डीवरून घेऊ नकोस. तिथले किंवा तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या दुकानांतले लोकरी हातमोजे सकाळी स्कूटर चालवायला छान आहेत. पण नागपुरात 2018च्या डिसेंबरात पारा 3.5 अंशांवर गेला आणि तो नीचांक ठरला. कॅल्गरीत जानेवारीतली सरासरी रात्रच उणे 13च्या आसपास असते आणि थंडीची लाट आली की उणे 25, उणे 30 सहज होतं. त्यात घोड्यावरचा माणूस स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. हवा अगदी स्तब्ध असली तरी उणे 20मध्ये ताशी 15 किलोमीटरने ट्रॉट (दुडकी चाल) केलास की उघड्या कातडीला ते उणे 29 इतकं लागतं. विणलेल्या लोकरीतून हा वारा आरपार जातो, आणि लगामावर ती घसरते ते वेगळंच.

आता खरा मुद्दा. इथे नवीन येणारा प्रत्येक जण दुकानात जाऊन सगळ्यात जाड हातमोजा उचलतो, बहुतेक वेळा स्कीइंगचा. तो घेऊ नकोस. लगाम करंगळी आणि अनामिकेच्या मधून आत येतो, अंगठा आणि तर्जनीच्या मधून बाहेर पडतो. या दोन फटींत जाड गादी भरली की मूठ नीट मिटत नाही. मग आपण नकळत लगाम आवळून धरतो आणि घोड्याच्या तोंडाला सतत ओढ बसते. बिचारा मान वर करतो, पाठ ताठ करतो, आणि आपल्याला वाटतं थंडीमुळे आज बिथरला आहे. घोड्याच्या जबड्याची हालचाल बोटांना कळली पाहिजे. ती कळत नसेल तर हातमोजा कितीही गरम असू दे, तो स्वारीचा नाही.

म्हणून मध्यम जाडीचा, घोडेस्वारीसाठीच बनवलेला हिवाळी हातमोजा घे. थिन्सुलेटचं, म्हणजे पातळ पण उबदार कृत्रिम धाग्यांचं, अस्तर असलेले मिळतात. त्यावर ग्रॅम लिहिलेले असतात. 40 ग्रॅमच्या हातमोज्यात हात हलका राहतो आणि उणे 10पर्यंत मला तो पुरतो. 100 ग्रॅम किंवा त्यावरचा खऱ्या कडाक्यासाठी, पण तो घालून लगाम धरून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. तळव्यावर आणि वर सांगितलेल्या दोन फटींत जास्तीचं चामडं शिवलेलं आहे ना ते पाहा, कारण झिजतो तो तिथेच. मनगटाचा भाग लांब हवा, जॅकेटच्या बाहीखाली पूर्ण जाईल इतका. मनगटावर रक्तवाहिन्या अगदी वर असतात. तिथे दोन बोटं रुंद जागा जरी उघडी राहिली तर बाकी सगळं व्यर्थ.

एसएसजी आणि रोएकल ही नावं तुला इथल्या घोड्यांच्या सामानाच्या दुकानांत दिसतील, दोन्ही भरवशाची आहेत. एसएसजीचा ‘टेन बिलो’ बरेच लोक वापरतात. पण नावापेक्षा तुझ्या बोटांची लांबी महत्त्वाची. बोटाच्या टोकाशी थोडीशी हवा राहिली पाहिजे. घट्ट हातमोज्यात अस्तर दाबलं जातं, रक्तही नीट फिरत नाही, आणि महागातला महाग हातमोजा गार पडतो.

आत एक पातळ लायनर, म्हणजे आतून घालायचा हातमोजा, घाल, रेशमाचा किंवा मेरिनो लोकरीचा. सुती मात्र अजिबात नको. आपण विदर्भातली माणसं, कापसावर आपला जीव, त्यामुळे हे पटायला वेळ लागतो. पण सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. वीस मिनिटं काम केल्यावर हात घामेजतात, मग घोड्याला गार करायला चालत फिरवतेस तेव्हा तोच ओला सुती कपडा बर्फासारखा बोटांना चिकटतो. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. लायनरचे दोन जोड ठेव, घोड्यावरून उतरलीस की कोरडा घाल. तंगाचा, म्हणजे खोगीर बांधायच्या पट्ट्याचा, बक्कल ओढायला किंवा फोन काढायला वरचा हातमोजा काढावा लागतो, तेव्हाही लायनर हातावर राहतो. उघड्या ओल्या बोटांनी लोखंडी कडीला हात लावू नकोस, कातडी चिकटते. घोड्याच्या तोंडात घालायचा बिट, म्हणजे लगामाचा धातूचा दांडाही, आधी हातात धरून कोमट कर. त्याचीही जीभ आहे.

तबेल्यातल्या कामाला वेगळा जोड लागतो, तोच स्वारीला वापरू नकोस. पाण्याच्या बादल्या, गवताच्या पेंढ्या, लीद, यांत भिजलेला हातमोजा दिवसभर वाळत नाही. त्यासाठी किंको कंपनीचे अस्तरवाले डुकराच्या चामड्याचे हातमोजे इथले शेतकरीही वापरतात, स्वस्त आणि दणकट. चामडं हीटरवर वाळवू नकोस, कडक होऊन तडकतं. घरात नुसतं टांगून ठेव.

इथे अल्बर्टा प्रांतात बरेच तबेले वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या, पद्धतीचे आहेत. त्यात शिकलेला घोडा मानेवर लगाम टेकवला की वळतो, म्हणून लगाम एका हातात धरता येतो आणि दुसरा हात आळीपाळीने खिशात ऊब घेतो. तू नागपुरात दोन्ही हातांनी शिकली आहेस, पण कडक थंडीत मैदानात फेरफटका मारायला ही पद्धत शिकून घेण्यासारखी आहे. जंपिंगच (अडथळ्यांवरून उड्या) करायचं असेल तर इनडोअर अरेनावाला, म्हणजे छताखालचं बंदिस्त मैदान असलेला, तबेला शोध. वारा थांबतो एवढंच, आत गरम असेलच असं नाही.

हाताची ऊब हातमोज्यात कमी आणि धडात जास्त असते. पोट-छाती गार पडली की शरीर आधी हातापायांचं रक्त कमी करतं. बोटं बधिर व्हायला लागली की आधी गळ्याभोवती काहीतरी बांध आणि एक थर वाढव, मग हातमोजे बदलायचं बघ. रिकिबीतून पाय काढून पाच मिनिटं घोड्याच्या बाजूने चाललीस तरी बोटांत रक्त परत येतं. लोखंडाच्या भुकटीच्या गरम पुड्या मिळतात, त्या तळहातात नको, लगामाआड येतात. हाताच्या मागच्या बाजूला, लायनरच्या वर ठेव. त्यांना हवा लागते, म्हणून घालायच्या पंधरावीस मिनिटं आधी उघड.

आणि हे नीट लक्षात ठेव: बोट पांढरं, मेणासारखं दिसलं आणि दुखायचंही थांबलं तर स्वारी तिथेच संपव. चोळू नकोस, बर्फ तर मुळीच लावू नकोस. आत जाऊन 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात हात बुडव. रंग परत आला नाही तर सरळ डॉक्टर. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे 28च्या खाली गेली की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. तशा दिवशी बरेच तबेले लेसन रद्द करतात, त्यांच्याशी वाद घालू नकोस.

निघण्याआधी घरी एकच काम कर. आईच्या शिवणाच्या टेपने उजव्या हाताचं माप घे, अंगठा सोडून बोटांच्या बुडाशी हाताचा घेर, इंचांत. मग डाव्याचं. जे मोठं येईल ते लिहून ठेव, इथले साइज त्याच आकड्यांत असतात. लायनर घालायचा असल्यामुळे अर्धा आकडा मोठा माग. आणि खरेदी नोव्हेंबरपर्यंत लांबवू नकोस, पहिला बर्फ पडला की नेहमीचे साइज संपतात.