फाइल आली, पण चिठ्ठी कुठाय? बुलेटिन बोर्ड चालवणाऱ्यांचे प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअर वाटण्यासाठी हौसेने बुलेटिन बोर्ड (इतरांनी बाहेरून जोडून फाइली आणि निरोप घ्यायचे-द्यायचे असा संगणक) चालवणाऱ्या आणि ते एकमेकांना जोडणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. कुणाचा बोर्ड टेलनेटवर (इंटरनेटवरून जोडायची जुनी, साध्या मजकुराची सोय) आहे, कुणाचा अजून फोनलाइनच्या मॉडेमवर. तक्रारी निरनिराळ्या दिसतात, पण बऱ्याचशा फाइलची माहिती घेऊन तिच्यासोबत जाणाऱ्या छोट्या चिठ्ठीपाशी येऊन थांबतात.

प्रश्न: आम्ही सहा जण आपापले बोर्ड चालवतो. एकाकडे आलेलं सॉफ्टवेअर बाकीच्यांकडे आपोआप पोचायला हवं. प्रत्येकाने प्रत्येकाशी जोडणी करायची का?

नको. सहा बोर्ड सगळे सगळ्यांशी जोडले तर १५ जोड्या होतात. पुढे बारा झालात की ६६. तेवढे पासवर्ड सांभाळायचे आणि बिघाड शोधायच्या तेवढ्याच जागा. एकाला हब करा, बाकीचे पाच फक्त त्याच्याशी बोलतील. हब म्हणजे कोठार नव्हे. फाइल आली, तपासली, पाच रांगांत लावली की त्याचं काम झालं. मात्र हब बंद पडला तर सगळंच थांबतं, म्हणून दुसऱ्या एका बोर्डावर हबच्या सेटिंगची प्रत तयार ठेवा.

पत्ते फिडोनेट या बोर्डांच्या जाळ्याच्या रीतीने द्या: झोन (मोठा प्रदेश), नेट (त्यातला गट) आणि नोड (एकेक बोर्ड), उदाहरणार्थ ९००:१/३. हे जाळं १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी सुरू केलं. त्यात पुढे रुळलेली ही पत्त्याची पद्धत आजची बोर्ड सॉफ्टवेअरंही समजतात. झोनसाठी १ ते ६ हे आकडे घेऊ नका, ते फिडोनेटचे. तुमच्यापैकी कुणी आणखी एखाद्या हौशी जाळ्यात असेल तर त्याचा झोनही टाळा, नाहीतर एकाच संगणकावर दोन जाळ्यांचं टपाल एकमेकांत मिसळेल.

देवाणघेवाण बिंकपी या प्रोटोकॉलने (फाइली पाठवायच्या ठरलेल्या रीतीने) करा, त्याचा ठरलेला पोर्ट (संगणकावरचा जोडणीचा क्रमांक) २४५५४. तो फक्त हबने उघडायचा. बाकीचे स्वतःहून हबला हाक मारतात, त्यामुळे त्यांच्या राउटरला हात लावावा लागत नाही. तासाला एक हाक पुरते, पण सगळ्यांनी तासाच्या ठोक्याला नको. एकाने पाचव्या मिनिटाला, दुसऱ्याने पंधराव्या, असं वाटून घ्या.

नवीन नोड सगळ्यात जास्त गोंधळतो तो पासवर्डात. एक पासवर्ड हबशी जोडणी होताना लागतो. दुसरा कुठले फाइल विभाग हवे-नको ते कळवताना. तिसरा प्रत्येक चिठ्ठीत असतो. तिन्ही वेगळे ठेवा आणि नवीन नोडला एकाच कागदावर, कशाचा कुठला ते लिहून द्या. पहिला जुळला की जोडणी होते, फाइलही येते. मग तिसरा चुकल्यामुळे ती अडकली आहे हे ध्यानातच येत नाही.

प्रश्न: एक झिप फाइल दर वेळी ‘खराब’ फोल्डरमध्ये जाऊन पडते. चिठ्ठीत आकार १,४८,२२० बाइट आहे, डिस्कवरच्या फाइलचा १,४८,२२४. उघडली तर व्यवस्थित उघडते. चार बाइट आले कुठून? हबची जोडणी बंद होती म्हणून ती फाइल आणि चिठ्ठी मी हबच्या बोर्डावर लॉगिन करून हाताने उतरवून घेतली होती.

चोर सापडला: तुम्ही उतरवताना एक्समोडेम हा फाइल पाठवायचा जुना प्रोटोकॉल निवडला असणार. तो फाइल १२८ बाइटच्या ठोकळ्यांत पाठवतो आणि शेवटचा ठोकळा भरला नाही तर उरलेल्या जागी २६ या किमतीचे बाइट भरतो. १,४८,२२० बाइटना १,१५८ ठोकळे लागतात, आणि तेवढ्या ठोकळ्यांत मावतात १,४८,२२४. राहिलेले चार बाइट म्हणजे हे भरताड. झिप उघडणारा प्रोग्रॅम आतल्या फाइलींची यादी शेवटाकडून मागे शोधत येतो, म्हणून चार बाइटांनी त्याचं काही अडत नाही. चिठ्ठीतला सीआरसी (पडताळणीचा आकडा) मात्र अख्ख्या फाइलवरून काढलेला असतो, तो जुळणार नाही. वायमोडेम किंवा झेडमोडेम वापरा. दोघेही खरा आकार आधी कळवतात आणि शेपूट छाटतात.

या चिठ्ठीला टिक फाइल म्हणतात. साधी मजकुराची फाइल, पण तिच्यातली प्रत्येक ओळ कामाची. विभागाचं नाव, फाइलचं नाव, आकार, सीआरसी (सोळा-आधारी आठ अंक), वर्णन, फाइल मुळात कुणी सोडली, आत्ता कुणाकडून आली, पासवर्ड. शिवाय आधीची कुठली आवृत्ती काढून टाकायची ते आणि ही फाइल आजवर कुणाकुणाकडे पोचली त्यांची यादी. चिठ्ठीविना आलेली फाइल कितीही चांगली असली तरी पुढे ढकलू नका.

‘खराब’मध्ये जाण्याची आणखी दोन कारणं नेहमी दिसतात. पहिलं, चिठ्ठी आधी पोचते आणि फाइल मागून येते. मधल्या वेळात चिठ्ठ्या वाचणारा तुमचा प्रोग्रॅम चालला तर त्याला फाइल दिसत नाही. हबने आधी फाइल, मग चिठ्ठी असा क्रम ठेवावा, आणि तुम्ही जोडणी पूर्ण संपल्यावरच प्रोग्रॅम चालवा. दुसरं कारण जरा चीड आणणारं: वाटेतला कुणीतरी झिपच्या टोकाला आपल्या बोर्डाची जाहिरात चिकटवतो. आतला एकही बाइट बदलत नाही, पण झिपमधल्या शेऱ्याच्या जागी एक ओळ वाढली की सीआरसी बदलतो. चिठ्ठीने ती फाइल नाकारली तर बरोबरच केलं. जाहिरात करायला लॉगिनचा पडदा आहे की.

प्रश्न: टेलनेटवरून मजकुराच्या फाइली झेडमोडेमने सुरळीत जातात, झिप मात्र पहिल्याच किलोबाइटात अडकते आणि चुका मोजत बसते.

बहुतेक २५५ या किमतीच्या बाइटमुळे. टेलनेटमध्ये हा बाइट म्हणजे ‘पुढे आज्ञा आहे’ अशी खूण. तो डेटातच आला तर पाठवणाऱ्याने दोनदा पाठवायचा आणि घेणाऱ्याने एकदा मोजायचा. एक टोक हा नियम पाळतं आणि दुसरं नाही, अशी गत झाली की एक बाइट जास्त येतो किंवा गळतो. साध्या इंग्रजी मजकुरात २५५ येतच नाही. झिपमध्ये सगळ्या किमती साधारण सारख्याच वेळा येतात, म्हणजे सरासरी दर २५६ बाइटांमागे एकदा. म्हणून पहिल्याच किलोबाइटात नाट लागते. १३ या किमतीच्या बाइटचीही अशीच भानगड आहे: टेलनेट बायनरी स्थितीत नसेल तर त्याच्यामागे शून्याचा बाइट जोडला जाऊ शकतो.

दोन्ही टोकांना टेलनेटची बायनरी स्थिती चालू करा, किंवा दोन्हीकडे ‘रॉ’ (टेलनेटचे नियम न लावणारी) जोडणी ठेवा. एकीकडे हे, दुसरीकडे ते, असं चालत नाही.

म्हणून एक्समोडेमकडे वळू नका. तो प्रत्येक ठोकळ्यानंतर पोच यायची वाट पाहतो. जाण्यायेण्याला २०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला पाच ठोकळे, म्हणजे ६४० बाइट. लाइन कितीही वेगवान असो, एक मेगाबाइटला २७ मिनिटं. झेडमोडेम पोच मिळायची वाट न बघता पाठवत राहतो आणि मध्ये जोडणी तुटली तर तिथूनच पुढे सुरू करतो.

प्रश्न: एकच फाइल तीन-तीनदा फिरून येते. दोन हब झाल्यापासून सुरू झालं.

चिठ्ठीतली ‘कुणाकडे पोचली’ ही यादी नेमकी यासाठीच असते. यादीत ज्याचं नाव आहे त्याला फाइल परत पाठवायची नाही. कुणीतरी आलेली फाइल आपल्या बोर्डावरून नव्याने सोडली की नवी चिठ्ठी बनते, यादी कोरी होते आणि चक्र सुरू होतं. चिठ्ठ्यांमधल्या ‘मुळात कुणी सोडली’ या ओळी पडताळा. तिथे वेगवेगळे पत्ते दिसले तर उलगडा झाला. प्रत्येक विभागात फाइल सोडण्याचा हक्क ठरावीक एक-दोन जणांनाच द्या, बाकीच्यांनी आपली भर त्यांच्याकडे पाठवावी. नाव आणि सीआरसी दोन्ही सारखे असतील तर फाइल नाकारायची सोयही चालू ठेवा.

प्रश्न: फुकट मिळतं ते सगळं आपण वाटू शकतो ना?

फुकट आणि मुक्त या दोन गोष्टी आहेत. फ्रीवेअर फुकट असतं, पण सोर्स (प्रोग्रॅम ज्यापासून बनतो तो लिहिलेला मजकूर) नसतो, आणि पुढे वाटायला लेखकाची परवानगी आहे की नाही ते आतल्या कागदपत्रात बघावं लागतं. शेअरवेअर वापरून बघायला दिलेलं असतं, आणि अनेक लेखक मूळ झिप जशीच्या तशी वाटा अशी अट घालतात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वापरायचं, वाचायचं, बदलायचं आणि वाटायचं स्वातंत्र्य असतं, पण काही परवान्यांमध्ये वाटणाऱ्यावरही जबाबदारी येते.

जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची १९९१ ची दुसरी आवृत्ती घ्या. चालवायचा प्रोग्रॅम वाटलात की त्याचा सोर्सही द्यावा लागतो, किंवा किमान ३ वर्षं वैध अशी सोर्स देण्याची लेखी तयारी सोबत जोडावी लागते. तुम्हाला मिळालेली तशी तयारी पुढे सरकवता येते, पण फक्त बिगरव्यापारी वाटपात. आमचं मत विचाराल तर या लेखी भानगडीत पडूच नका. प्रोग्रॅम आणि त्याच आवृत्तीचा सोर्स एकाच विभागात शेजारी शेजारी ठेवा. त्याच जागी सोर्सही तितक्याच सहज उतरवता येत असेल तर परवाना तेवढ्याने मानतो. नेमकी चूक होते ती जागा वाचवताना: प्रोग्रॅमची नवी आवृत्ती येते, जुन्याच्या जागी बसते, आणि सोर्स मात्र मागच्या आवृत्तीचाच पडून राहतो. दोन्ही फाइली एकाच दिवशी सोडा आणि दोन्ही चिठ्ठ्यांत ‘आधीची काढा’ ही ओळ भरा. परवान्याची फाइल झिपमधून काढू नका.

प्रश्न: फाइलचं वर्णन मराठीत लिहिलं तर काही बोर्डांवर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात.

झिपमधल्या वर्णनाच्या फाइलचा संकेत जुना आहे: जास्तीत जास्त १० ओळी, ओळीत ४५ अक्षरं, साधी आस्की (फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं). देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) तीन बाइट घेतं. जुन्या पद्धतीचा बोर्ड त्या तीन बाइटांची तीन वेगळी चिन्हं काढतो, आणि ४५ बाइटांवर ओळ तोडताना मधलं अक्षरही चिरतो. वर्णन रोमन लिपीत आटोपशीर लिहा: नाव, आवृत्ती, कशावर चालतं, परवाना. पहिल्या ओळीत एवढं आलंच पाहिजे, कारण बरेच बोर्ड यादीत तेवढंच दाखवतात. मराठी माहितीची वेगळी फाइल झिपमध्ये घाला. झिपचं नाव आठ अक्षरं आणि तीन अक्षरांचं शेपूट एवढंच ठेवा, लांब नाव जुन्या यंत्रांवर छाटलं जातं.

प्रश्न: इंटरनेट फोनच्या जोडणीवर मॉडेम लावला आहे. जोडणी होते आणि दोन मिनिटांत तुटते.

फोनच्या डब्यात आवाजाचा कोडेक (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) जी.७११ करा. बाकीचे कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी आवळलेले असतात, मॉडेमच्या सुरांचा त्यात चुरा होतो. शांतता गाळण्याची सोय आणि प्रतिध्वनी दाबण्याची सोय बंद करा, जिटर बफर (मागेपुढे पोचणारे आवाजाचे तुकडे सांभाळणारी साठवण) ‘आपोआप’ न ठेवता स्थिर ठेवा. तरीही तुटत असेल तर मॉडेमचा वेग सेकंदाला ९६०० किंवा २४०० बिटवर बांधा. २४०० वर सेकंदाला २४० बाइट जातात, म्हणजे १४,७४,५६० बाइटच्या एका फ्लॉपीला १ तास ४२ मिनिटं. अशा नोडला मोठे विभाग देऊ नका.

प्रश्न: टेलनेटच्या पोर्ट २३ वर रात्रंदिवस कुणीतरी ‘रूट’ नावाने लॉगिन करायला बघतं.

माणूस नाही, बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) आहेत. पोर्ट बदला, पण २३२३ घेऊ नका, २०१६ चा मिराई हा बॉट तोही धुंडाळायचा. त्याहून सोपा उपाय जुन्या मॉडेमकाळातला आहे: लॉगिनआधी ‘एस्केप दोनदा दाबा’ असं विचारा आणि १५ सेकंदांत दाबलं नाही तर तोडा.

प्रश्न: आमचा एक चालक महिनाभर गायब आहे. त्याच्या रांगेत हबवर फाइली साठत चालल्या आहेत. काढून टाकावं का?

लगेच नको. नोडलिस्टमध्ये (जाळ्यातल्या बोर्डांच्या यादीत) यासाठी दोन शेरे आहेत. ‘होल्ड’ म्हणजे तात्पुरता बंद, त्याचं टपाल राखून ठेवा. ‘डाउन’ म्हणजे सध्या चालत नाही. चौदा दिवस हाक आली नाही तर होल्ड, तीस दिवसांनी डाउन, असा नियम आधीच लिहून सगळ्यांना पाठवा, म्हणजे त्यात कुणाचा राग-लोभ येत नाही. होल्ड लावताना त्याची फाइलींची रांग थांबवा, फक्त निरोप राखा. फाइली विभागात आहेतच, परत आल्यावर त्याला यादी देऊन हव्या तेवढ्या मागवता येतील. डाउन लावलंत तरी नोडचा आकडा वर्षभर दुसऱ्याला देऊ नका. जुन्या चिठ्ठ्यांच्या याद्यांत तो असतो, आणि नव्या माणसाला ‘तुला पोचली’ असं समजून त्या फाइली मिळणारच नाहीत.