काळ्यापासून मागे : पूलच्या टेबलावरील आखणीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वरुडला बसस्थानकाजवळच्या एका दुकानाच्या माडीवर पूलचे टेबल आहे. संत्र्याची तोड आटोपली की आम्ही मित्र रोज सायंकाळी तेथे जमतो. माझा नेम चांगला आहे. लांबचे, तिरपे बॉलही मी पॉकेटमध्ये घालतो. तरी अमरावतीहून अधूनमधून येणारे एक गृहस्थ मला हमखास हरवतात, आणि तेही एकही अवघड फटका न मारता. त्यांच्याच वाट्याला सोपे बॉल कसे येतात?
— एक वाचक, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : ते बॉल त्यांनी दोन-तीन फटके आधीच सोपे करून ठेवलेले असतात. आपण बहुधा पांढरा बॉल (काठीने मारायचा तो) जेथे थांबेल तेथून समोर काय दिसते ते बघता आणि मग नेमाच्या बळावर वाट काढता. मुरलेला खेळाडू मात्र सर्वांत शेवटी घालायचा आठ नंबरचा काळा कोणत्या पॉकेटात जाईल हे आधी ठरवतो, त्यासाठी पांढरा कोठे उभा हवा ते बघतो, तेथे पांढरा आणून सोडणारा आपल्या गटातला बॉल निवडतो आणि अशा रीतीने शेवटाकडून सुरुवातीकडे येतो. काळ्याच्या आधीचा हा बॉल एकदा हेरला की तो शेवटपर्यंत राखून ठेवायचा असतो, मग तो कितीही सोपा दिसत असो.

एक मांडणी डोळ्यांसमोर आणा. काळा बॉल उजव्या लांब कुशनपासून, म्हणजे टेबलाच्या रबरी काठापासून, चार बोटे आत आणि पलीकडच्या उजव्या कोपऱ्यातील पॉकेटपासून साधारण फूटभर अलीकडे आहे. आपला तीन नंबर उजव्या मधल्या पॉकेटच्या तोंडाशी आहे, सहा नंबर डाव्या मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, आणि पांढरा या दोहोंच्या बरोबर मध्ये आहे. तिन्ही बॉल सोपे आहेत. आपण आधी तीन घातला आणि पांढरा तेथेच थांबवला, मग समोरचा सहा घालून पांढरा पुन्हा जागीच थांबवला, तर पांढरा डाव्या काठाला राहतो आणि काळा टेबलाच्या पलीकडे, लांबून आणि चांगलाच तिरपा मारावा लागतो. हाच क्रम उलटा करा. आधी सहा, नंतर तीन; आता पांढरा उजव्या काठाशी उभा आहे आणि काळा त्याच कुशनच्या कडेने जवळपास सरळ समोर आहे. फटके तेच, जोर तोच, नेमही तोच. बदलला तो फक्त क्रम. आपल्या त्या गृहस्थांचा बराचसा विजय असल्या अदलाबदलीत दडलेला असतो आणि बघणाऱ्याला तो दिसतही नाही.

ही उलटी आखणी किती दूरवर नेता येते, याचा दाखला स्ट्रेट पूल या जुन्या अमेरिकन प्रकारात सापडतो. त्यात पंधरापैकी चौदा बॉल गेले की ते चौदा पुन्हा त्रिकोणात रचले जातात आणि उरलेला एक जेथे असेल तेथेच राहतो. खेळाडूने तो एक घालता घालता पांढऱ्याने नवी रचना फोडली, तरच डाव सुखाने पुढे चालतो. म्हणून तो उरणारा बॉल आणि त्याच्या आधीचा बॉल हे दोन्ही रचना भरलेली असतानाच हेरून ठेवावे लागतात. अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनी यांनी 1954 मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय सामन्यात न चुकता सलग 526 बॉल घातले. इतका लांब डाव निव्वळ नेमावर ओढता येत नाही.

अर्थात काळा शेवटी घालण्याच्या आपल्या नेहमीच्या खेळात (एट-बॉलमध्ये) प्रत्येक वेळी टेबल साफ होण्यासारखे नसते, आणि हे पहिल्या फटक्याआधी ओळखणे हा आखणीचा सर्वांत उपेक्षित भाग आहे. आपले दोन बॉल एकमेकांना चिकटलेले असतील तर ते कोणत्या फटक्याच्या ओघात सुटतील ते आधी शोधावे. ते सोडवण्याचे काम लवकर करावे आणि त्या वेळी एखादा सोपा बॉल हाताशी शिल्लक ठेवावा, म्हणजे फुटलेले बॉल वेडेवाकडे गेले तरी पुढचा फटका उरतो. ते सुटण्याची काहीच सोय दिसत नसेल, तर बाकीचे बॉल घाईने घालण्यात मोठा तोटा आहे. आपले बॉल प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभे असतात आणि पॉकेटांची तोंडे अडवत असतात. ते आपणच उचलून दिले की त्याला रान मोकळे मिळते. सहा बॉल घालून हरणारे खेळाडू प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात. अशा वेळी पांढरा आडोशाला लपवून पाळी प्रतिस्पर्ध्याला देणे शहाणपणाचे ठरते, मग बघणाऱ्यांनी ‘भ्याला, भ्याला’ म्हटले तरी चालेल.

प्रश्न : पुढच्या बॉलसाठी पांढरा अगदी सरळ रेषेत आला की मला आनंद होतो, पण आमच्याकडचे एक जाणते खेळाडू म्हणतात की सरळ येणे ही अडचण आहे. यात तथ्य आहे काय?
— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : आहे. शेवटच्या बॉलसाठी सरळ रेषा उत्तमच; त्याआधी मात्र ती पांढऱ्याचे पाय बांधून टाकते. सरळ फटक्यात पांढरा तेथेच थांबतो, त्याच रेषेत पुढे जातो किंवा मागे येतो. बाजूला जाण्याची सोय नाही. थोडा कोन असला की बऱ्याच वाटा उघडतात. पांढरा न फिरता, घसरतच बॉलला लागला, म्हणजे आपल्याकडे ज्याला स्टन म्हणतात तो फटका बसला, तर तो त्या बॉलच्या वाटेशी काटकोनात निघतो. पांढरा नैसर्गिकपणे घरंगळत येऊन समोरच्या बॉलचा साधारण अर्धा भाग झाकेल असा लागला, तर तो आपल्या मूळ दिशेपासून सुमारे 30 अंशांनी वळतो. हे दोन आडाखे पक्के झाले की पांढरा कोणत्या कुशनला लागून कोठे जाईल, हे फटक्याआधी बोटाने दाखवता येते.

मात्र कोन कोणत्या बाजूने राहिला हे त्याहून महत्त्वाचे आहे. पॉकेट आणि बॉल यांना जोडणारी रेषा मागे वाढवा; तिच्या एका बाजूला पांढरा असेल तर तो आपोआप पुढच्या बॉलकडे जातो, दुसऱ्या बाजूला असेल तर टेबलाला वळसा घालावा लागतो. म्हणून जाणकार खेळाडू टिकलीएवढ्या जागेऐवजी योग्य बाजूचा ऐसपैस पट्टा निवडतात, आणि होता होईल तो पांढरा त्या पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने आणतात. पट्टा आडवा ओलांडत आल्यास जोरात थोडाही फरक पडला की पांढरा बाहेर जातो. लांबीने आल्यास तोच फरक पचून जातो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या टेबलावर सगळी गणिते चुकतात. आखणी करूनही काय उपयोग?
— एक विद्यार्थी वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)

उत्तर : ओल धरलेल्या कापडावर बॉल लवकर दमतो, त्यामुळे लांबचा प्रवास असलेली आखणी तेथे टाळावी आणि पांढरा कमीत कमी हलेल असा क्रम घ्यावा. खेळापूर्वी पांढरा हलक्या हाताने टेबलाच्या लांबीने आणि रुंदीने सोडून बघा. उतार असेल तर तो शेवटच्या वीतभर अंतरात उघड होतो. बॉल ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत, कारण मळलेले बॉल एकमेकांना जास्त धरतात आणि तिरप्या फटक्यात घालायचा बॉल ठरलेल्या दिशेपासून सरकतो. पांढरा बॉल त्याच संचातला आहे ना, हेही तपासावे. पूलच्या बॉलचा व्यास 57.15 मिलिमीटर असतो. पांढरा इतरांहून जड असला तर स्टनचा काटकोन काटकोन राहत नाही, पांढरा थोडा पुढे जातो.

प्रश्न : शिकवणारे कोणी नाही. एकट्याने सराव कसा करावा?
— तेच वाचक

उत्तर : तीन बॉल टेबलावर टाका आणि पांढरा हवा तेथे ठेवा. पहिला फटका मारण्यापूर्वी तिन्हींचा क्रम, प्रत्येकाचे पॉकेट आणि प्रत्येक फटक्यानंतर पांढऱ्याची जागा मोठ्याने बोलून घ्या. त्या जागी वर्तमानपत्राचा हातभर तुकडा अंथरला तरी हरकत नाही. बॉल गेला पण पांढरा कागदाबाहेर थांबला, तर तो फटका चुकला असेच मोजा आणि सुरुवातीपासून पुन्हा मांडा. तीन बॉल सहज साधू लागल्यावर चौथा वाढवा. पांढऱ्याला डावी-उजवी फिरकी देणे तूर्त बाजूला ठेवा. वरून, मधोमध आणि खालून मारलेल्या फटक्यांवर या सरावातल्या बहुतेक मांडण्या सुटतात.