कुटाची ॲलर्जी आणि बालवाडीचा डबा

प्रश्न : विट्यातल्या आमच्या बालवाडीत साडेतीन वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. डबा खाताना त्याला वेगळं बसवलं की पुरे ना?

उत्तर : नाही, ताई. सांगलीकडच्या डब्यात कूट नसतं कुठे? साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरलं वांगं, पोळीबरोबरची चटणी. ‘दाणे आणू नका’ म्हटलं तर पालक फक्त चिक्की टाळतात. म्हणून पदार्थांची नावंच लिहून द्या. डब्यांची अदलाबदल बंद. खाऊन झाल्यावर सगळ्यांचेच हात साबणाने धुवा; सॅनिटायझरने दाण्याचं प्रथिन निघत नाही.

अंगावर नुसतं पित्त उठलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध द्या आणि नजर ठेवा (आमसूल चोळत बसू नका). आवाज बसला, धाप लागली किंवा मूल एकदम मलूल झालं तर त्या औषधाने भागत नाही. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. 15 किलोच्या मुलाला 0.15 मिलिग्रॅम. ते कुठे ठेवायचं, कोणी टोचायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लेखी घ्या आणि शिकून घ्या. लगेच 108 लावा. मुलाला आडवं ठेवा, धाप असेल तर बसू द्या. उभं करू नका, चालवू तर नकाच. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.