ओरिएंटेशनच्या दिवसाचे पैसे आधी विचार

तू विचारलंस, गोरेगावच्या एक्झिबिशनच्या कामाआधी दिवसभर ओरिएंटेशनला बोलावलंय, पैशांचं काय? पैसे मिळायलाच हवेत. वेळ त्यांनी ठरवली, जागा त्यांची, न गेलास तर काम जाणार. मग ते कामच झालं ना!

मी पहिल्या वर्षी असे तीन दिवस फुकट घालवले. डोंबिवलीहून सकाळची लोकल, दुपारी हातात एक वडापाव, आणि संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, "हे तर ट्रेनिंग होतं." अजून राग येतो.

म्हणून जाण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचार : "या दिवसाची हजेरी लागणार का, दर किती?" फोनवरचं तोंडी आश्वासन नको. तिथे मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, सही करताना येण्या-जाण्याची वेळ लिही आणि पानाचा फोटो काढ.

दोन तासांत सोडलं तरी गप्प बसू नकोस. तू काम करायला तयार असूनही त्यांनी कमी वेळ काम दिलं, तर पूर्ण दिवसाची मजुरी, हे तत्त्व १९४८च्या किमान वेतन कायद्यात होतं, २०१९च्या वेतन संहितेतही आहे. पैसे अडवलेच तर बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, लेखी तक्रार दे. एकटा जाऊ नकोस, त्या दिवशी सोबत असलेल्या पोरांनाही घे.