फोरबॉलमधले तंटे आणि इतर शंका: गोल्फविषयी वाचकांचे प्रश्न

जून उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. हरवलेले बॉल, चिखलात रुतलेले बॉल, हातातून निसटणारे क्लब. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

आमच्या रविवारच्या चौघांच्या फोरबॉलमध्ये टी शॉट (होलचा पहिला फटका) उजवीकडच्या झाडीत जाऊन हरवला, तर झाडीच्या कडेला दुसरा बॉल टाकतात आणि एक फटका दंड धरतात. हे नियमात बसतं का?
— एक वाचक, पुणे

नाही बसत. हरवलेल्या किंवा हद्दीबाहेर गेलेल्या बॉलला दंड एक फटका हे खरं, पण पुढचा फटका जिथून आधीचा मारला तिथूनच मारायचा असतो. म्हणजे पुन्हा टीवर जायचं. पहिला फटका एक, दंडाचा एक, आणि आता टीवरून मारणार तो तिसरा. तुमच्या मित्रांच्या हिशेबात झाडीच्या कडेवरूनच तिसरा फटका बसतो. दीडदोनशे यार्ड फुकट!

हा घोळ बहुतेक लाल खुंट्यांमुळे झालेला असतो. नाला किंवा तळं लाल खुंट्यांनी आखलेलं असेल आणि बॉल त्यात गेल्याची खात्री असेल, तर तो शेवटी जिथून आत गेला त्या जागेपासून दोन क्लबलांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, एका दंडावर ड्रॉप करता येतो. ही सवलत त्या आखलेल्या भागापुरती आहे. नुसत्या झाडीला ती लागू नाही.

परत चालत जाणं टाळायचं असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर चालणारा राखीव बॉल मारा. इथे तोंडातून काय निघतं ते महत्त्वाचं. 'मी प्रोव्हिजनल मारतोय' असं स्पष्ट सांगावं लागतं. 'थांबा, अजून एक मारतो' एवढंच म्हणालात, तर तो दुसरा बॉलच खेळातला ठरतो आणि पहिला झाडीबाहेर छान पडलेला सापडला तरी उपयोग नाही. शोधायला वेळ तीन मिनिटं. तुम्ही किंवा कॅडीने शोध सुरू केल्यापासून घड्याळ चालू होतं. २०१९ पूर्वी पाच मिनिटं मिळायची, आणि जुने खेळाडू अजून त्याच हिशेबात असतात. तीन मिनिटांत पहिला बॉल हद्दीत सापडला तर तोच खेळायचा, मग प्रोव्हिजनल कितीही सुरेख बसलेला असो.

आता तुमच्या मित्रांना दिलासा. २०१९ पासून क्लबच्या कमिटीला एक स्थानिक नियम लावता येतो: बॉल जिथे हरवला असावा त्या पातळीवर, फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेपर्यंत येऊन ड्रॉप करा, पण दंड दोन फटके. म्हणजे तिथून तुमचा चौथा फटका. रविवारच्या खेळासाठी हा नियम आम्हाला पसंत आहे, कारण मागची मंडळी खोळंबत नाहीत. प्रोव्हिजनल मारलेला असेल आणि तो शाबूत असेल, तर मात्र ही सवलत घेता येत नाही. तुमच्या क्लबने तो लावला आहे का, हे स्कोअरकार्डच्या मागे किंवा स्टार्टरकडे कळेल.

पावसात बॉल फेअरवेवरच निम्मा रुतून बसतो. तो फुकट काढता येतो का? आणि बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पाणी साचलं असेल तर?
— एक वाचक, नवी मुंबई

फेअरवेवर किंवा रफमध्ये (कडेच्या लांब गवतात) बॉल स्वतःच्याच आघाताने झालेल्या खड्ड्यात असेल आणि त्याचा थोडा तरी भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर सवलत बिनदंडाची. बॉलची जागा खूण करून ठेवा, बॉल उचला, पुसा, आणि त्या जागेच्या लगेच मागच्या बिंदूपासून एका क्लबलांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. खांद्याच्या उंचीवरून टाकणं बंद झालं आहे. तुमच्याच पायाने दाबला गेलेला बॉल या नियमात येत नाही, आणि बंकरच्या वाळूत रुतलेलाही नाही.

बंकरमधल्या साचलेल्या पाण्यातून फुकट सुटका मिळते ती बंकरच्या आतच. अख्खा बंकर भरला असेल तर जिथे सर्वांत कमी पाणी आहे तिथे ड्रॉप करायचं. बाहेर यायचं असेल तर एक फटका मोजावा लागतो. गुडघाभर पाणी असेल तर तो एक फटका मोजलेलाच बरा.

अंतराचा हिशेबही बदला. ओल्या फेअरवेवर ड्रायव्हरचा बॉल घरंगळत नाही, त्यामुळे दुसऱ्या फटक्याला एक क्लब मोठा घ्या. पातळ चामड्याचा ग्लव्ह भिजला की साबणासारखा निसरडा होतो. पावसासाठी विणलेले ग्लव्हज मिळतात. ते ओले झाल्यावरच नीट धरतात, म्हणून दोन्ही हातांत घालतात. कोरडा टॉवेल बॅगेवर न लटकवता छत्रीच्या काड्यांना आतून अडकवा. आणि वीज चमकू लागली की खेळ बंद. अशा वेळी कमिटीच्या भोंग्याची वाट न पाहता स्वतःहून थांबण्याची मुभा नियमातच आहे.

क्लबच्या ग्रिप (मुठीचं रबर) गुळगुळीत झाल्या आहेत. तेरा क्लबांच्या ग्रिप घरी बदलता येतील का? मित्र म्हणतो, पेट्रोल वापर.
— एक वाचक, नाशिक

येतील. पेट्रोल मात्र नको. काम होतं, पण बंद खोलीत त्याची वाफ धोक्याची असते आणि रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन सहज मिळतं. तेही खिडक्या उघड्या ठेवून, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून लांब वापरा.

आधी बदलायची गरज आहे का ते पाहा. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन एक ग्रिप घासा, वाळवा. पकड परत आली तर मळ होता. तरीही चकाकत असेल, अंगठ्याखाली खळगा पडला असेल किंवा रबर कडक झालं असेल, तर बदला.

विकत घेताना ग्रिपच्या तोंडाशी आत ५८ किंवा ६० असा आकडा असतो, तो पाहा. शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) वरच्या टोकाचा व्यास ०.६०० इंच असेल तर ६० ची ग्रिप नेहमीच्या जाडीची बसते. त्याच शाफ्टवर ५८ ची ताणून बसते आणि इंचाचा चौसष्टावा भाग जाड होते. टेपचा एक जादा थर दिला तरी साधारण तेवढीच जाडी वाढते. हाताचं माप असं: उजव्या हाताने खेळत असाल तर डाव्या हाताने ग्रिप धरल्यावर मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक, फट राहत असेल तर जाड.

जुनी ग्रिप हुकासारख्या वाकड्या पात्याने, स्वतःपासून लांब कापत न्या. साधं सरळ पातं ग्राफाइट शाफ्टवर ओरखडा पाडतं आणि पुढे शाफ्ट तिथेच तुटू शकतो. जुनी टेप निघत नसेल तर हेअर ड्रायरने ऊब द्या. उरलेला चिकटा टर्पेंटाइनने पुसून शाफ्ट कोरडा करा. नवी ग्रिप शाफ्टशेजारी धरून तिचं तोंड कुठवर येतं तिथे खूण करा. दोन इंची दुतोंडी टेप त्या खुणेच्या अर्धा इंच वरपासून टोकापर्यंत उभी गुंडाळा आणि टोकाला अर्धा इंच जास्त सोडून ती शाफ्टच्या पोकळीत दुमडा. या दुमडीमुळे टर्पेंटाइन शाफ्टच्या आत उतरत नाही. टेपवरचा कागद काढायला विसरू नका. पहिल्या खेपेला हमखास राहतो.

आता खाली ट्रे ठेवा. ग्रिपच्या टोकाचं छिद्र टीने (बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीने) बंद करा, आत थोडं टर्पेंटाइन ओता, तोंड बोटाने दाबून हलवा आणि तेच टेपच्या पूर्ण लांबीवर ओता. टी काढा. ग्रिपचं तोंड किंचित दाबून चपटं करा, शाफ्टच्या टोकावर चढवा आणि एका दमात, न थांबता ढकला. मध्ये अडली तर कारण एकच: टर्पेंटाइन कमी पडलं. अशी अडकलेली ग्रिप बहुतेक कापूनच काढावी लागते, म्हणून इथे कंजुषी नको. टोक शाफ्टला टेकलं की क्लब जमिनीवर सरळ ठेवून ग्रिपवरची रेघ क्लबच्या चेहऱ्याशी जुळवा. त्यासाठी मिनिटभराचा वेळ मिळतो. रबरावर लाटा दिसल्या तर हाताने खालच्या बाजूला दाबत न्या. रात्रभर वाळू द्या. तेरा क्लब एका बैठकीत करू नका. आधी क्वचित वापरात येणाऱ्या लांब आयर्नवर (लोखंडी डोक्याच्या क्लबवर) हात बसवा, पटर (होलमध्ये बॉल ढकलायचा क्लब) शेवटी. पटरच्या ग्रिपची पुढची बाजू सपाट असते आणि ती दोन अंश जरी फिरली तरी रोज डोळ्यांना खुपते.

मी नुकतीच सभासद झाले. ९८, १०१ आणि ९५ असे तीन राउंड नोंदवले. माझा हँडिकॅप किती येईल?
— एक वाचक, नागपूर

हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. कोर्सचं रेटिंग (तरबेज खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) आणि स्लोप (नवख्याला कोर्स किती जास्त अवघड जातो त्याचा आकडा) तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून पार (ठरलेले फटके) ७२, रेटिंग ७०.८ आणि स्लोप १२४ धरून दाखवतो. तुमच्या टीचे आकडे स्कोअरकार्डवर असतील, ते घाला.

प्रत्येक राउंडच्या स्कोअरमधून रेटिंग वजा करायचं, ११३ ने गुणायचं आणि स्लोपने भागायचं. ९५ चं उत्तर २२.१ येतं, ९८ चं २४.८ आणि १०१ चं २७.५. त्या दिवशीच्या हवामानासाठी कधी कधी छोटी दुरुस्ती होते, ती इथे शून्य धरली आहे. तीनच राउंड असतील तर त्यातला सर्वांत कमी आकडा घेऊन आणखी २ वजा करतात. म्हणजे तुमचा इंडेक्स (हँडिकॅपचा मूळ आकडा) २०.१.

पण खेळताना हा आकडा तसाच वापरत नाहीत. २०.१ ला १२४ ने गुणा, ११३ ने भागा, मग रेटिंग वजा पार, म्हणजे उणे १.२, मिळवा. उत्तर २०.८६, पूर्णांकात २१. या टीवरून तुम्हाला २१ फटके मिळतील. दुसऱ्या, अवघड कोर्सवर हाच इंडेक्स जास्त फटके देईल.

दोन गोष्टी सांभाळा. पहिला हँडिकॅप मिळेपर्यंत कोणत्याही होलवर पार अधिक ५ याहून जास्त मोजायचं नाही. पार ४ वर ११ फटके लागले तरी नोंद ९ ची. हँडिकॅप मिळाल्यावर ही मर्यादा डबल बोगी (पार अधिक २) अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके, अशी होते. दुसरं, फक्त चांगलेच राउंड नोंदवायचा मोह टाळा. वीस राउंड झाले की उत्तम आठांचीच सरासरी धरतात, त्यामुळे वाईट दिवस आपोआप बाजूला पडतात. चांगलेच तेवढे नोंदवले तर इंडेक्स खाली जातो आणि मग स्पर्धेत दर वेळी हार.

घरात एप्रिलमध्ये रात्रभर मास्टर्स चालू असतं. रात्र जागायची तर नेमकं काय पाहायचं? आणि 'स्ट्रोक्स गेन्ड' म्हणजे काय?
— एक वाचक, ठाणे

जॉर्जियातलं ऑगस्टा तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. रविवारच्या शेवटच्या जोड्या आपल्या मध्यरात्रीच्या आसपास सुरू होतात आणि निकाल पहाटे साडेचारच्या सुमारास लागतो. अडीच-तीनचा गजर लावून शेवटचे नऊ होल पाहिले तरी पुरतं. जुलैतली ब्रिटनमधली ओपन मात्र आपल्या प्रेक्षकाला सोयीची: रात्री अकराच्या आसपास निकाल, आणि वाऱ्यात बॉल जमिनीलगत नेण्याची कला पाहायला मिळते ती वेगळीच.

शुक्रवारी कट, म्हणजे पुढच्या फेऱ्यांसाठीची छाटणी, पाहा. ३६ होलनंतर मास्टर्समध्ये पहिले ५० आणि बरोबरीचे पुढे जातात, यूएस ओपनमध्ये ६०, तर पीजीए चॅम्पियनशिप आणि ओपनमध्ये ७०. बरोबरी सुटते तीही वेगवेगळ्या तऱ्हेने. मास्टर्समध्ये पहिल्याच होलपासून सडन डेथ: जो होल जिंकेल तो विजेता. २०२५ मध्ये रोरी मॅकिलरॉयने जस्टिन रोझला तसंच पहिल्या जादा होलवर हरवलं आणि चारही मेजर (या चार मोठ्या स्पर्धा) जिंकून पूर्ण केल्या. यूएस ओपनमध्ये आधी दोन होलची बेरीज, उरलेल्या दोन्हींत तीन होलची.

स्ट्रोक्स गेन्ड, म्हणजे इतरांच्या सरासरीपेक्षा किती फटके वाचवले याचा हिशेब, ही कल्पना कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी यांची. पीजीए टूरने (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने) २०११ पासून ती आधी पटिंगसाठी, म्हणजे ग्रीनवरच्या (होलभोवतीच्या बारीक गवतावरच्या) फटक्यांसाठी घेतली. टूरवरच्या खेळाडूंना ३३ फुटांवरून सरासरी दोन पट (पटिंगचे फटके) लागतात, ८ फुटांवरून दीड. ३३ फुटांवरून एकात घातला तर एक फटका कमावला, तीन लागले तर एक गमावला. ८ फुटांवरचा घातला तर अर्धा कमावला, चुकून दोन लागले तर अर्धा गेला. याच पद्धतीने टी, ग्रीनकडे जाणारा फटका आणि ग्रीनभोवतीचे फटके यांचा वेगळा हिशेब लागतो. जुनी 'एकूण पट २६' ही बढाई फसवी असायची: ग्रीन चुकवून चिप (छोटा उचललेला फटका) जवळ टाकणाऱ्याचे पट कमीच लागणार. स्पर्धा कोण जिंकेल याचा अंदाज बांधायचा तर पटिंगपेक्षा ग्रीनकडच्या फटक्यांचा रकाना पाहा. पटिंग आठवड्यागणिक वरखाली होतं, आयर्नचा खेळ इतका हलत नाही.

भारतीयांपैकी अर्जुन अटवालने २०१० मध्ये विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकली. पीजीए टूरवरचं ते पहिलं भारतीय विजेतेपद. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये कॅमरन स्मिथच्या मागे एकाच फटक्याने दुसरा आला. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. आणि तिथेच अदिती अशोकचं पदक एका जागेने हुकलं, ती चौथी.

बॅगेत चुकून पंधरा क्लब निघाले. दंड किती?
— एक वाचक, कोल्हापूर

स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) ज्या ज्या होलवर चौदापेक्षा जादा क्लब सोबत होता त्या प्रत्येकावर दोन फटके, पण पूर्ण राउंडला जास्तीत जास्त चार. लक्षात आल्या क्षणी जादा क्लब खेळातून बाद केल्याचं सोबत्यांना सांगा आणि बॅगेत उलटा घाला. त्यानंतर तो वापरलात तर थेट अपात्र.