अर्धी गोळी

"ईसीजी दोनदा नॉर्मल आला. मग धडधड का होते? मी मनाने कच्चा आहे का, मॅडम?"

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. हे गृहस्थ (ओळख बदलली आहे) 48 वर्षांचे, वागळे इस्टेटमध्ये सुपरवायझर, घोडबंदरला कर्जाचा फ्लॅट. बोलता बोलता त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत बीपीच्या अर्ध्या-अर्ध्या गोळ्या, कडेला पांढरा भुगा. "महिनाभराच्या गोळ्या दोन महिने पुरतात."

रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो रेपो दर मे 2022 च्या सुरुवातीला 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.5 झाला. यांचं कर्ज बदलत्या व्याजाचं. बँकेने हप्ता थोडाच वाढवला, मुदत मात्र ताणली. शेवटचा हप्ता आता वयाच्या 67व्या वर्षी. त्यातच ओव्हरटाइम बंद झाला. आधी घरातली फळं गेली, मग झोप, मग गोळी अर्धी झाली.

मी त्यांना रशियाचं सांगितलं. सोव्हिएत संघ कोसळला, लोकांची आर्थिक घडी विस्कटली त्या काळात, 1990 ते 1994, तिथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान जवळपास 64 वरून 58 च्या खाली आलं. हृदयविकार, दारू, अपघात. "एवढे सगळे एकदम मनाने कच्चे झाले असतील?" ते पहिल्यांदा हसले.

पण हसून बीपी उतरत नाही. गोळीचा डोस ठरवणं माझं काम नाही, म्हणून त्यांना त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं. सरकारी योजनेच्या जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी चालेल का, हेही विचारायला सांगितलं. स्वस्त म्हणजे हलकी, ही त्यांची समजूत. मग बँक. व्याज बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्येच बँकांना बजावलंय. यांना कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून तसा अर्ज बँकेला द्यायला सांगितलं.

सगळ्यात अवघड होतं ते बायकोला सांगणं. पुढच्या वेळी दोघं आले. वहिनी म्हणाल्या, "रात्री तीनला मोबाइल घेऊन बाथरूममध्ये बसायचे. मला वाटलं, बाहेर काही लफडं आहे." ते बँकेचं ॲप बघत बसायचे!

तिसऱ्या भेटीत स्ट्रिप वहिनींच्या पर्समध्ये होती, गोळ्या अख्ख्या. बँकेचा अर्ज मात्र अजून कोराच.