सीए-१२५ खूप वाढलंय आणि पोटात पाणी झालंय, म्हणजे ओव्हरीचा कॅन्सरच का? टीबी असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की बहीण ३२ वर्षांची, दोन महिने पोट फुगतंय, सोनोग्राफीत पोटात पाणी आणि उजव्या ओव्हरीजवळ गाठ, सीए-१२५ (कॅन्सरच्या संशयात रक्तात तपासतात ते एक प्रथिन) आलंय ६४०. एक डॉक्टर म्हणतात कॅन्सर, लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात टीबी असेल. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पोटातून काढलेले असले तुकडे माझ्याकडे तपासायला येत असतात म्हणून लिहितेय. बहिणीला नक्की काय झालंय ते इथे बसून मला सांगता येणार नाही, पण दोघा डॉक्टरांपैकी कोणीच उगाच काहीतरी बोलत नाहीये.

आधी त्या ६४० चं बघू. रिपोर्टवर ३५ च्या आत नॉर्मल असं छापलेलं असतं त्यामुळे आकडा बघूनच घरच्यांचे हातपाय गळतात. पण पोटाच्या आतलं जे अस्तर असतं ना, पेरिटोनियम, ते कशानेही चिडलं की सीए-१२५ वाढतं, टीबीने वाढतं, एंडोमेट्रिओसिसने (गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) वाढतं, लिव्हर खराब होऊन पाणी झालं तरी वाढतं, पाळीच्या दिवसांत सुद्धा थोडं वाढतं. टीबीत ते हजाराच्या वर पण जाऊ शकतं. त्यामुळे नुसत्या आकड्यावर कॅन्सर ठरवू नका.

सीटीवर अस्तर गाठीगाठीचं दिसलं तर संशय कॅन्सरचा जास्त, सगळीकडे सारखंच जाड झालेलं असेल आणि लिम्फ नोड (पोटातल्या रोगप्रतिकारक गाठी) मधोमध काळे दिसत असतील तर टीबीचा. पण हा नुसता कल झाला. पेट (PET) स्कॅनने सुटेल असं लोकांना वाटतं, नाही सुटत, टीबी पण तसाच चमकतो. छातीचा एक्सरे स्वच्छ आला म्हणून पोटाचा टीबी नाही असंही नसतं.

पोटातलं पाणी सुईने काढून तपासलं का? त्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए (पाण्यात मोजतात ते एक एन्झाइम) ४० च्या वर असेल तर टीबीकडे झुकतं. कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर प्रश्नच मिटला, पण नाही दिसल्या म्हणून कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही. टीबीचे जंतू पाण्यात इतके कमी असतात की स्लाइडवर सहसा सापडतच नाहीत, आणि जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आलं तरी टीबी असू शकतो.

शेवटी तुकडाच लागतो. एकदा ऑपरेशन चालू असताना सर्जनचा फोन आला, आत सगळीकडे पांढरे दाणे आहेत, कॅन्सरच वाटतोय, फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून करतात ती तपासणी) बघून फक्त हो म्हण. तुकडा गोठवून काप घेतला, बघते तर लांबट पेशींचे गोल गोल पुंजके, मधे गुलाबी चुरा, कडेला घोड्याच्या नालेसारखे न्यूक्लियस मांडलेली एक भलीमोठी पेशी. टीबीचं चित्र! गर्भपिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढाव्या लागल्या नाहीत, बाई २९ वर्षांची होती. नुसत्या डोळ्यांनी ते दाणे दोन्ही आजारांत सारखेच दिसतात हो, सर्जनची काही चूक नव्हती.

उलटी चूक पण होते. "टीबीच्या गोळ्या दोन महिने देऊन बघू" म्हणतात आणि तेवढ्यात कॅन्सर पसरतो. म्हणून मोठं ऑपरेशन असो की गोळ्या, आधी दुर्बिणीतून पेरिटोनियमचा तुकडा घ्या. आतडी चिकटलेली असून दुर्बीण घालणं धोक्याचं वाटलं तर सोनोग्राफीत बघून ओमेंटममधून (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) सुईनेही घेता येतो. ओव्हरीच्या गाठीत मात्र सुई शक्यतो घालत नाहीत, आत कॅन्सर असेल तर तो पोटात सांडतो.

आणि एक गोष्ट सर्जनला आधीच सांगून ठेवा, सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायचं औषध) टाकू नका, त्यात जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. थोडा साध्या सलाइनच्या बाटलीत वेगळा ठेवायला सांगा. कल्चरला ६ ते ८ आठवडे लागू शकतात, पण टीबी निघाला तर कुठलं औषध लागू पडेल ते त्यावरून नीट कळतं.